पौर्णिमेला हरवणारे विवर

चंद्राच्या इतिहासातील एराटोस्थेनियन काळ, म्हणजे सुमारे ३२० कोटी ते ११० कोटी वर्षांपूर्वीचा काळ, आणि त्या काळातली आघात-विवरे यांच्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : अष्टमी-नवमीला एराटोस्थेनिस विवर दुर्बिणीतून ठसठशीत दिसते. पौर्णिमेला मात्र तेच शोधूनही सापडत नाही, आणि शेजारचे कोपर्निकस लखलखत असते. असे का?

पौर्णिमेला सूर्य जवळजवळ आपल्या पाठीशी असतो. चंद्राच्या मध्यभागावर ऊन सरळ डोक्यावरून पडते आणि सावल्या उरत नाहीत. उंचसखलपणा आपल्याला सावल्यांमुळे कळतो. त्या गेल्या की जमीन किती उजळ आणि किती काळी, एवढेच काय ते दिसते.

एराटोस्थेनिसची जमीन आता आजूबाजूच्या जमिनीसारखीच काळवंडली आहे. आघाताने नुकताच फुटलेला खडक उजळ असतो. पुढे त्याच्यावर सूक्ष्म उल्काकणांचा आणि सौरवाऱ्याचा अखंड मारा होतो. कणांच्या पृष्ठभागावर लोहाच्या अतिसूक्ष्म, नॅनोमीटर मापाच्या कणांचा लेप बसतो. वितळलेल्या काचेने चिकटलेले गठ्ठे तयार होतात. माती काळपट आणि किंचित तांबूस होत जाते. या अवकाशीय झिजेत विवराभोवतीचे उजळ किरणपट्टे, म्हणजे आघातात दूरवर उडालेल्या मातीचे पट्टे, आधी पुसट होतात आणि मग दिसेनासे होतात. विवराचा आकार मात्र टिकून राहतो. एराटोस्थेनिसचा व्यास सुमारे ५९ किमी आणि खोली साडेतीन किमीहून थोडी जास्त आहे. त्याची काठाची धार, आतल्या भिंतींच्या पायऱ्या आणि मधली शिखरे आजही स्पष्ट आहेत. आकार शाबूत पण किरण नाहीत, हीच एराटोस्थेनियन विवराची ओळख.

त्यात भर म्हणून कोपर्निकसचे किरणपट्टे थेट एराटोस्थेनिसवरून गेले आहेत. पौर्णिमेला आपल्याला दिसतात ते हे परके पट्टे, आणि त्यांच्या ठिपक्या-रेघांत विवराची कडा हरवून जाते.

याच विवराने एका नामवंत निरीक्षकाला चकवले होते, ते इथे सांगायला हवे. विल्यम पिकरिंग यांनी १९२० च्या सुमारास एराटोस्थेनिसमधल्या काळ्या डागांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. डाग आकार बदलतात, सरकतात, अशी त्यांची नोंद होती, आणि ते कीटकांसारख्या जीवांचे थवे असावेत असा तर्क त्यांनी मांडला. नोंदी कष्टाने केलेल्या होत्या, निष्कर्ष चुकला. सूर्य जसजसा चढतो तसतशा सावल्या आटतात आणि जमिनीचा मूळ उजळ-काळा रंग वर येतो. त्यामुळे एकच जागा दोन रात्रींत ओळखू येणार नाही इतकी बदलते. चंद्रावरच्या कोणत्याही दोन नोंदींची तुलना करताना सूर्याची उंची सारखी होती ना, हे आधी पाहावे.

प्रश्न : कोपर्निकस विवर ८० कोटी वर्षांपूर्वीचे आहे असे वाचले. मग एराटोस्थेनियननंतरचा कोपर्निकन काळ ११० कोटी वर्षांपूर्वी कसा सुरू होतो? आणि एराटोस्थेनियन काळाची सुरुवात एराटोस्थेनिस विवरापासून धरतात का?

दोन्ही काळांना विवरांची नावे आहेत, पण ते त्या विवरांच्या जन्मापासून मोजलेले नाहीत. विवर हा केवळ नमुना आहे : ‘असे दिसणारे ते या काळातले’. यूजीन शूमेकर आणि रॉबर्ट हॅकमन या भूवैज्ञानिकांनी १९६२ साली ही कालमापनाची पद्धत मांडली, तेव्हा चंद्राचा एकही दगड पृथ्वीवर आलेला नव्हता. त्यांच्याकडे होता तो फक्त थरांचा क्रम. कोपर्निकसच्या परिसरात कोणता थर कोणावर पसरला आहे, हे त्यांनी छायाचित्रांवरून आणि दुर्बिणीतून ठरवले. वर्षांचे आकडे नंतर चिकटवले गेले.

कोपर्निकसचे सुमारे ८० कोटी हे वय अपोलो १२ मुळे मिळाले. ते यान नोव्हेंबर १९६९ मध्ये विवराच्या सुमारे ४०० किमी दक्षिणेला, त्याच्या एका किरणपट्ट्यावर उतरले होते. तिथल्या मातीतली काच त्या आघातातली असावी, या गृहीतावर हा आकडा उभा आहे. टायको या ताज्या विवराचे सुमारे ११ कोटी हे वयही असेच आडवळणाने आले. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ जिथे उतरले, तिथली दरड टायकोतून उडालेल्या दगडांच्या माऱ्याने कोसळली असे मानून तिचे वय काढले गेले. टायको तिथून दोन हजार किमीहून दूर आहे.

११० कोटी ही सीमा विवरगणनेवरून (जमीन जितकी जुनी तितकी तिच्यावर विवरे जास्त, या हिशेबाने) काढलेला अंदाज आहे आणि ती काटेकोर नाही. काही तज्ज्ञ ८० कोटींची सीमा वापरतात. म्हणून लेखात ‘कोपर्निकन’ शब्द आला की लेखकाने कोणती सीमा धरली आहे ते तपासा. ३२० कोटींच्या सीमेचेही तसेच. त्या सुमारास कोणतीही एक ठळक घटना घडलेली नाही.

प्रश्न : माझ्याकडे १०० मिमी व्यासाची दुर्बीण आहे. हा थरांचा क्रम तिच्यातून प्रत्यक्ष पाहता येईल का?

येईल, आणि चंद्रावर याहून सोपी जागा नाही. चार टप्पे सुमारे ३०० किमीच्या पट्ट्यात शेजारी-शेजारी पडले आहेत. त्यासाठी दोन लागोपाठच्या रात्री हव्यात, नंतर पौर्णिमेची एक.

पहिली रात्र शुक्ल नवमीच्या आसपासची, म्हणजे अर्धचंद्रानंतरचा दिवस. अपेनाइन पर्वताची मोठी कमान धरा आणि तिच्या नैर्ऋत्य टोकापर्यंत या. टोकाला सावलीने काठोकाठ भरलेला खड्डा दिसेल, तो एराटोस्थेनिस. (दिशा चंद्रावरच्या आहेत. दुर्बिणीत प्रतिमा उलटी किंवा आरशातल्यासारखी दिसू शकते, तेव्हा नकाशा तसा फिरवून घ्या.) अपेनाइन ही इम्ब्रियम खोऱ्याची कड आहे. सुमारे ३८५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाआघाताने ती उचलली गेली. एराटोस्थेनिसने ही रांग फोडली आहे, म्हणजे ते तिच्यानंतरचे. त्याच्यातून उडालेला मलबा पूर्वेकडच्या सपाट लाव्हा-मैदानावरही पडला आहे, म्हणजे ते लाव्हाच्याही नंतरचे.

दुसऱ्या रात्री, दशमीला, प्रकाश-अंधाराची सीमारेषा कोपर्निकसवर येते. आता १०० ते १५० पट वर्धन लावा आणि एराटोस्थेनिसच्या नैर्ऋत्येला स्टेडियस शोधा. हे सुमारे ६९ किमीचे विवर लाव्हाखाली बुडाले आहे. त्याचे मोडके कडे वर आहेत, बाकी तळ सपाट. म्हणजे स्टेडियस लाव्हाच्या आधीचे आणि एराटोस्थेनिस नंतरचे : दोन विवरे शेजारी-शेजारी, मध्ये लाव्हाचा पूर. आता स्टेडियसचा तळ आणि त्याच्या वायव्येची जमीन नीट पाहा. बारीक खड्डे मण्यांसारखे ओळीने लागले आहेत, काही ठिकाणी एकमेकांत मिसळून खाच झाली आहे. ही कोपर्निकसची दुय्यम विवरे. मूळ आघातात उडालेले ढेकळांचे पुंजके खाली आपटून ती तयार झाली. ती लाव्हावर पडलेली आहेत आणि कोपर्निकसचे किरण एराटोस्थेनिसवरूनही गेले आहेत, म्हणून कोपर्निकस सगळ्यात शेवटचे. १०० मिमीच्या दुर्बिणीची मर्यादा सुमारे दोन किमीची, त्यामुळे यातले मोठे खड्डे सुटे दिसतील, लहानांची नुसती खरखर जाणवेल.

त्याच रात्री एराटोस्थेनिसची खोलीही मोजून होते. सीमारेषा कोपर्निकसच्या पश्चिम काठाला टेकली की एराटोस्थेनिसवर सूर्य क्षितिजापासून सुमारे १० अंश वर असतो. १० अंशांचा टॅन्जंट ०.१७६. पूर्व काठाची सावली तळावर पश्चिमेकडे किती पसरली आहे, ते विवराच्या व्यासाच्या प्रमाणात मोजा. ती व्यासाच्या एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे २० किमी भरली, तर २० × ०.१७६ = ३.५ किमी. सावलीचे टोक पायरीवर पडले असेल तर खोली कमी येईल, आणि मधल्या शिखराच्या उतारावर चढले असेल तरीही कमीच येईल. म्हणून टोक सपाट तळावर आहे याची खात्री करा.

तिसरी नोंद पौर्णिमेची, एराटोस्थेनिसवरून गेलेले ते किरण पाहण्यासाठी. छायाचित्र घेत असाल तर कोपर्निकसचा काठ पांढरा फटक होणार नाही इतका प्रकाशनकाळ (एक्स्पोजर) कमी ठेवा. प्रकाश जास्त झाला की उजळ पट्टे पसरतात आणि एराटोस्थेनिसच्या जागी नुसता पांढुरका डाग उरतो.

हवा हलत असेल तर वर्धन वाढवू नका, ८० पटीवर थांबा. दुर्बीण घरातून बाहेर आणल्यावर अर्धा तास तशीच ठेवा. नळीतली गरम हवा निवेपर्यंत बारीक साखळ्या दिसतच नाहीत, आणि दोष मात्र भिंगाला दिला जातो.

प्रश्न : प्लेटो विवरालाही किरण नाहीत. तेही एराटोस्थेनियन समजायचे का?

नाही. प्लेटोचा तळ लाव्हाने भरला आहे, मधले शिखर गाडले गेले आहे. ते एराटोस्थेनियनच्या आधीच्या इम्ब्रियन काळातले, लाव्हाच्या आधीचे. आर्किमिडीजचेही तसेच. केवळ किरण नसणे पुरेसे नाही, तळ विवराचा स्वतःचा हवा. एराटोस्थेनिसखेरीज याच काळातली पाहण्याजोगी विवरे म्हणजे बुलियाल्डस (६१ किमी) आणि ॲरिस्टोटेलिस (८७ किमी).

प्रश्न : मग किरण असलेले प्रत्येक विवर कोपर्निकन, असा उलटा नियम तरी लावता येतो का?

अनेक वर्षे तोच नियम होता, आणि तोच अडचणीत आला. किरण दोन कारणांनी उजळ दिसतात. एक, माती ताजी असते. दोन, माती वेगळ्या जातीची असते. उंचवट्याच्या प्रदेशातला खडक मुळातच फिकट असतो. तो काळ्या बेसॉल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकावर, जाऊन पडला तर कितीही जुना झाला तरी भोवतालापेक्षा फिकटच राहतो.

याचे बोलके उदाहरण चंद्राच्या पश्चिम कडेजवळचे लिख्टेनबर्ग. हे २० किमीचे किरणवाले विवर, आणि आग्नेय बाजूला त्याचा मलबा लाव्हाने झाकला आहे. किरण आहेत म्हणून विवर कोपर्निकन, आणि लाव्हा त्याच्यावर आहे म्हणून लाव्हा त्याहून ताजा : या हिशेबाने चंद्रावर १०० कोटी वर्षांच्या आतही लाव्हा वाहिला असे ठरत होते. वर्णपटाची तपासणी केली तेव्हा ती किरणांची माती पूर्ण मुरलेली, जुनी निघाली. ती उजळ दिसते ते जातीमुळे. म्हणजे विवर जुने असू शकते, आणि त्यावर बेतलेला लाव्हाचा निष्कर्षही ढासळतो. आमच्या मते चंद्राच्या कालमापनात सर्वाधिक गोंधळ या एका गोष्टीने घातला आहे. थर कोणावर कोण आहे हा पुरावा पक्का. उजळपणा हा फक्त इशारा, त्यावर एकट्यावर वय ठरवू नये.

परक्या किरणांचा धोका वेगळाच. सेरेनिटाटिस सागरातल्या १६ किमीच्या बेसेल विवरावरून एक लांबलचक पट्टा जातो. तो बेसेलचा नव्हे. तो टायकोचा की मेनेलाउसचा, यावर अजून वाद आहे. पट्टा विवरापासून सर्व बाजूंना फाकतो आहे की नुसता त्याच्यावरून आरपार जातो आहे, हे पाहिले की फसगत टळते.

तिसरी कसोटी उष्णतेची. चंद्रावर रात्र झाली की बारीक धूळ झटपट गार होते, मोठे दगड ऊब धरून ठेवतात. ताज्या विवराभोवती दगडांचा खच असतो, म्हणून ते रात्री गरम दिसते. १९६० च्या सुमारास चंद्रग्रहणात टायको भोवतालापेक्षा गरम असल्याचे आढळले ते यामुळेच. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानावरच्या डिव्हायनर उपकरणाने अशा दगडांचे नकाशे बनवले. सूक्ष्म उल्कांचा मारा आणि तापमानाचे चढउतार यांनी दगड फुटत जातात, आणि साधारण १०० कोटी वर्षांत विवराभोवतीचा हा खच नकाशावरून नाहीसा होतो. त्यामुळे एराटोस्थेनियन विवराचा मलबा रात्री भोवतालाइतकाच गार, कोपर्निकनचा उबदार. रंगाशी याचा संबंध नाही, म्हणून किरणांपेक्षा ही कसोटी अधिक भरवशाची.

प्रश्न : एराटोस्थेनिसभोवतीच्या १०,००० चौ. किमी जागेत एक किमी व त्याहून मोठी ६१ विवरे मोजली. विवरगणनेच्या सूत्रात घातल्यावर वय ३५७ कोटी वर्षे आले, म्हणजे ते आपल्याच काळाच्या बाहेर गेले. कुठे चुकले असेल?

तुमचे गणित बरोबर आहे. घोळ जागेच्या निवडीत आणि दुय्यम विवरांत आहे.

आधी जागा. विवराचा सलग मलबा काठापासून साधारण एका त्रिज्येपर्यंत पसरतो. एराटोस्थेनिसची त्रिज्या २९.५ किमी, म्हणजे मलब्याचे कडे २९.५ ते ५९ किमी अंतराचे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,२०० चौ. किमी भरते. तुम्ही १०,००० घेतले, म्हणजे निदान १,८०० चौ. किमी जमीन परकी आहे. ती अपेनाइनची असेल तर तिथे विवरे कितीतरी दाट. शिवाय विवराच्या आतला भाग मोजणीत धरू नका. भिंतींच्या उतारावरून माती घसरते आणि लहान खड्डे बुजतात, तर तळावर घट्ट गोठलेला वितळखडक असतो, त्यात त्याच आघाताने वेगळ्या मापाचा खड्डा पडतो.

मग दुय्यम विवरे. कोपर्निकस ३०० किमीवर आहे, म्हणजे एराटोस्थेनिस त्याच्या थेट माऱ्यात येते. साखळ्या, घोळके, लांबट किंवा उथळ खड्डे, आणि ज्यांच्यामागे मलब्याची इंग्रजी व्ही आकाराची रेघ आहे ते खड्डे वगळा. त्यांनी व्यापलेली जागाही क्षेत्रफळातून वजा करा. बरेच जण विवरे गाळतात आणि जागा तशीच ठेवतात, त्याने वय खोटे कमी येते.

समजा एवढे केल्यावर ८,००० चौ. किमी आणि २० विवरे उरली. घनता झाली दर चौ. किमीला ०.००२५. ग्रहशास्त्रज्ञ नॉयकुम यांच्या या सूत्रात सुमारे ३०० कोटी वर्षांपर्यंतचा भाग जवळजवळ सरळ रेषेचा आहे : दर १०० कोटी वर्षांना ०.०००८३८. भागाकार केला की ३०० कोटींच्या आसपास येते, पूर्ण सूत्राने २९४ कोटी. आता त्रुटी. २० चे वर्गमूळ साडेचार, म्हणजे खरी संख्या साडेपंधरा ते साडेचोवीस यांत कुठेही असू शकते. वय त्यानुसार २३० ते ३२५ कोटी. इतक्या थोड्या विवरांवर एवढेच म्हणता येते, आणि लिहिताना ही पल्ल्याची दोन्ही टोके लिहा.

त्रुटी कमी करायला लहान विवरे मोजावीशी वाटतील. ५०० मीटरपर्यंत जायला हरकत नाही, पण चित्र तेवढे बारीक हवे. विवर निदान १० पिक्सेल रुंद असावे. एलआरओच्या १०० मीटर प्रति पिक्सेल नकाशावर त्यामुळे एक किमीखाली जाता येत नाही. शे-दोनशे मीटरची विवरे तर या वयाच्या जमिनीवर निरुपयोगी : नवी जेवढी पडतात तेवढी जुनी बुजतात, संख्या वाढतच नाही. चित्र तिरप्या उन्हातले घ्या, सूर्य क्षितिजापासून १० ते ३० अंश. आणि क्षेत्रफळ समक्षेत्र प्रक्षेपात, म्हणजे जागेचे माप न बिघडवणाऱ्या नकाशावर, मोजा. साध्या दंडगोल नकाशावर ६० अक्षांशाला जागा दुप्पट भरते आणि वय निम्म्यावर येते.

प्रश्न : या काळात चंद्रावर विशेष काही घडलेच नाही, असे म्हणतात. ते खरे का?

आघातांपुरते बरेचसे खरे. त्याच सूत्राने पाहा : ३८५ कोटी वर्षांच्या जमिनीवर दहा लाख चौ. किमीमागे एक किमीहून मोठी सुमारे २४,००० विवरे, ३२० कोटींच्या जमिनीवर २,९००. म्हणजे पहिल्या ६५ कोटी वर्षांत २१,००० पडली, आणि नंतरच्या ३२० कोटी वर्षांत मिळून २,९००. एराटोस्थेनियन काळ सुरू झाला तेव्हा वर्षाव ओसरून रिपरिप राहिली होती.

लाव्हा मात्र थांबला नव्हता. इम्ब्रियम सागरात या काळातले प्रवाह शेकडो किमी लांब वाहिले, सर्वांत लांब १,२०० किमी. त्यांच्या कडा सुमारे ३० मीटर उंच आहेत आणि अगदी तिरप्या उन्हातल्या अपोलोच्या छायाचित्रांत उमटल्या आहेत.

या काळाची खरी उणीव दगडांची होती. अपोलोने आणलेले बेसॉल्ट बहुतेक ३१० कोटी वर्षांहून जुने, आणि त्यानंतर एकदम कोपर्निकसची काच. मधली दोनशेहून अधिक कोटी वर्षे नमुन्यांविना, सगळी वये विवरगणनेच्या अंदाजावर. डिसेंबर २०२० मध्ये चांग-अ ५ या चिनी यानाने प्रोसेलारम महासागराच्या उत्तरेकडून १,७३१ ग्रॅम माती आणि दगड आणले. तिथला बेसॉल्ट सुमारे २०० कोटी वर्षांचा निघाला, नेमका रिकाम्या पट्ट्याच्या मध्यावर. विवरगणनेच्या रेषेला पहिल्यांदाच तिथे खुंटी मिळाली, आणि रेषा फारशी हलवावी लागली नाही. २०२४ मध्ये चांग-अ ६ ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूने आणलेला बेसॉल्ट सुमारे २८० कोटी वर्षांचा, तोही याच काळातला.

त्यातून नवा प्रश्न उभा राहिला आहे. चंद्र लहान, लवकर निवणारा. इतक्या उशिरापर्यंत आतला खडक वितळत राहिला तो किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या उष्णतेने किंवा पाण्याने वितळणबिंदू उतरल्यामुळे असेल, असा कयास होता. चांग-अ ५ च्या बेसॉल्टचा उगम जिथे झाला त्या थरात यांपैकी काहीच फारसे आढळले नाही.